देवी डॉक्टरचा तक्ता

माह्या मामाची नोकरी एका चौकोनात अडकली होती. चार खणांचा चौकोन. टाइप मीच केलता.

मामा म्हणजे रूपसिंग. माह्या याडीचा धाकटा भाऊ. याडी म्हणजे माय, आमच्या तांड्यात असंच म्हणतात. घाटंजीकडच्या त्या तांड्यातून सरकारी नोकरीत गेलेला पहिला माणूस हा मामा. काम असं, की सायकलीले पेटी बांधायची, गावोगाव अन् तांडोतांडी फिरायचं, अन् लेकरायले देवीची लस द्यायची. लोक त्याले देवी डॉक्टर म्हणत. सातवी पास माणूस, पण डॉक्टर! याडी घाटंजीच्या बजारात मुद्दाम मोठ्यानं विचारे, "आमचे डॉक्टर दिसले का वं कोनाले?" भाजीवाल्या हासत. तिले चाले.

अन् मी हरिसिंग. मॅट्रिकच्या गणितात दोनदा आपटलेला. यवतमाळले एका सर्वेच्या हाफिसात टाइपिस्ट म्हणून लागलो. टाइपिंग कोणी शिकवलं नाही. मशीन होतं, कागद होते, दोन बोटं होती. अजूनही तसंच. डोक्यात आलं की धडधडधड, मंग गप. मंग पुन्हा धडधड.

गोष्ट त्रेसष्ट सालची. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात घाटंजी भागात देवीची साथ आलती. लेकरं गेली. मंग आमच्या हाफिसाचे साहेब, सदाशिवराव डॉक्टर, यांनी सर्वे काढला. सवाल सोपा होता. लस दिलेल्या किती लेकरायले देवी निघाल्या, न दिलेल्या किती लेकरायले निघाल्या. फॉर्म भरणारे दोघं. फुलचंदनं गावं केली, धर्मपालनं तांडे. फॉर्म इंग्रजीत. ते दोघं घरोघर जाऊन विचारत, फॉर्मवर खूण करत, अन् गठ्ठे माह्या टेबलावर येत. मी मोजायचं अन् तक्ता टाइप करायचा.

पहिला तक्ता गावांचा. दोनशे चाळीस लेकरं. लस दिलेली एकशे साठ, त्यातल्या चौघायले देवी. न दिलेली ऐंशी, त्यातल्या वीस जणायले देवी. मी कागद डॉक्टरांपुढे ठेवला.

"हरिसिंग, काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"लस चांगली हाये, साहेब."

"कशावरून? योगायोगानं झालं असेल तर?"

मी म्हणालो, वीस कुठं अन् चार कुठं, यात कायचा योगायोग. ते म्हणाले, बस. पेन्सिल घेतली.

"समज, लशीनं काहीच होत नाही. नुसतं पाणी आहे. मग दोनशे चाळीसमधले चोवीस आजारी पडले, म्हणजे दहात एक. हाच दहात एक दोन्हीकडे लाव. एकशे साठात किती?"

"सोळा."

"ऐंशीत?"

"आठ."

त्यांनी माह्या चौकोनाच्या बाजूले दुसरा चौकोन काढला. त्यात सोळा अन् आठ लेहले. माह्या चौकोनात चार अन् वीस.

मी पाहतच राह्यलो. तो दुसरा चौकोन कोणत्याच गावात घडला नव्हता. ती सोळा लेकरं कुठंच नव्हती. पण डॉक्टरांनी ती मांडली, अन् मंग खऱ्या जगाले त्या न घडलेल्या जगाच्या बाजूले उभं केलं. म्हणाले, आता या दोघांत अंतर किती ते मोजायचं. वजाबाकी, वर्ग, भागाकार. चार खणांचे चार आकडे आले. नऊ, अठरा, एक, दोन. बेरीज तीस.

"याला काय-वर्ग म्हणतात."

"कायले?"

"काय."

"तेच तं इचारून राह्यलो साहेब, कायले काय म्हणतात?"

डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हासले. डोळ्यात पाणी येईपर्यंत. मंग सांगतलं, ते एक ग्रीक अक्षर आहे, त्याचं नावच काय. आपल्या मशीनवर नाही. मी तिथं एक्स मारला अन् पेनानं त्याले शेपूट काढलं.

"हा आकडा चारच्या आसपास गेला की योगायोगावरचा विश्वास उडायला लागतो," ते म्हणाले. "इथं तीस आहे."

त्या दिवशी त्यांनी मले एक कव्हर फाटलेलं इंग्रजी पुस्तक देल्लं. मी दुपारच्या सुट्टीत भाकर खाता खाता वाची. एका पानाले कधी चार-चार दिवस लागत. नापास झालो त्या गणितात सारे आकडे मेलेले होते. हौदात पाणी भरे अन् रिकामं होये, त्याचं कोणाले काही घेणंदेणं नव्हतं. इथं आकडा म्हणजे कोण्यातरी मायचं लेकरू होतं. मले रोज वाटे, एवढी मोठी गोष्ट लोकायले माहीत काहून नाही? रस्त्यानं जाताना पोट्टे दिसले की मी मनातल्या मनात चार खणांत बसवत जाओ.

मंग शनिवारी तांड्यांचा तक्ता झाला.

लस दिलेली दोनशे चार, त्यातल्या एकोणीस लेकरायले देवी. न दिलेली बहात्तर, त्यातल्या दहा जणायले. काय-वर्ग मीच काढला, मले येत होतं आता. एक अन् थोडा. म्हणजे योगायोगच. म्हणजे तांड्यांत लशीनं काहीच केलं नव्हतं.

डॉक्टरांनी दोन्ही तक्ते बाजूबाजूले ठेवले. "गावात तीस, तांड्यात एक. लस तीच. मग बदललं काय?" स्वतःच उत्तर देल्लं. "तांड्यात खरी लस दिलीच नाही. माणसानं नुसतं पाणी टोचलं, रजिस्टर भरलं, परत आला. त्या भागात लस देणारा कोण आहे?"

मी रजिस्टर पुढे केलं. नाव त्यांनीच वाचलं. रूपसिंग.

"यानं खोटी नोंद केली अन् लेकरं मेली, हरिसिंग. हा माणूस नोकरीत राहता कामा नये. सोमवारी पत्र टाइप कर, मंगळवारी मी सही करतो."

मी म्हणायले पाहिजे होतं, साहेब, तो माह्या मामा हाये. नाही म्हणालो.

रविवारी हाफिसात कोणी नव्हतं. चाबी माह्याजवळ राहे. मी मशीनपुढे बसलो अन् तांड्यांचा तक्ता नव्यानं टाइप केला. एकोणीसच्या जागी नऊ. एक बटन कमी दाबलं, बस. काय-वर्ग काढला. सातच्या वर गेला. मामा सुटला!

पण त्या ओळीची बेरीज चुकली. म्हणून बाजूच्या खणात एकशे पंच्याऐंशीचे एकशे पंच्याण्णव केले. मंग खालच्या दोन बेरजा चुकल्या. त्याही बदलल्या. मंग माह्या ध्यानात आलं का मी आकडे नाही, लेकरं हलवून राह्यलो. दहा लेकरायच्या अंगावरच्या देवी मी हाफिसात बसून पुसून टाकल्या. त्यातली काही मेली होती. ती मी जित्या रकान्यात नेऊन बसवली.

फाडला कागद. चुरगाळला, अन् खिशात घातला, टोपलीत टाकायची हिंमत झाली नाही.

मंग म्हटलं, खोटं नाही तं नाही, पण चूक तं शोधू. सारे फॉर्म काढले, जमिनीवर पसरले, एक एक तांडा वेगळा केला. मनातून मामाच्या बाजूनंच शोधत होतो, ते कबूल करतो. दुपार झाली. अन् एक गठ्ठा वेगळा दिसला. खुणा जांभळ्या पेन्सिलीच्या. धर्मपाल निळ्या शाईनं लेहे. जांभळी पेन्सिल फुलचंदची.

आठवलं मंग. धर्मपालले दोन दिवस ताप आलता, तवा एक तांडा फुलचंद करून आला. छत्तीस लेकरं. मी तेवढीच मोजली. लस दिलेली चोवीस, देवी कोणालेच नाही. न दिलेली बारा, चौघायले देवी.

तांडाच. लस देणारा माह्या मामाच. अन् लस धडधडीत काम करून राह्यली होती!

मंग उरलेले धर्मपालचे मोजले. दोनशे चाळीस. लस दिलेली एकशे ऐंशी, देवी एकोणीस. न दिलेली साठ, देवी सहा. शंभरात दहा, अन् शंभरात दहा. काय-वर्ग शून्याले जाऊन चिकटला. हात तोच, लस तीच, लोक तेच. विचारणारा तेवढा बदलला होता.

मी जमिनीवर फॉर्मच्या मधात बसलो होतो. कागदाले कोणी काही सांगतलं नव्हतं. पण त्याले माहीत होतं का दोन वेगळे माणसं दारात उभे राह्यले होते.

सोमवारी सांगतल्याप्रमाणे पत्र टाइप केलं, अन् त्याच्यासंगं तांड्यांचे तिन्ही चौकोन डॉक्टरांपुढे ठेवले. आधी सांगतलं, रूपसिंग माह्या मामा हाये. मंग खिशातला चुरगाळलेला कागदही काढून ठेवला. त्यांनी तो उघडला, वाचला, घडी करून टेबलाच्या खणात ठेवला. तिन्ही चौकोन पाहत राह्यले.

"छत्तीस लहान आकडा आहे. फार जोर देऊ नकोस त्यावर," म्हणाले. मंग जरा वेळानं, "पण मी तांडा पाहिला, अन् विचारणारा माणूस पाहिला नाही. दोन्ही एकमेकांत मिसळले होते. माझीच चूक. धर्मपालला बोलाव."

आता हे मले सुचलंच नव्हतं. मामाले बाहेर काढता काढता मी धर्मपालले आत लोटलं होतं. धर्मपाल माह्या दोस्त. आम्ही एकाच डब्यात जेवत होतो. माह्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, सडपातळ, तोंडभर देवीचे वण. लहानपणीच निघाल्या होत्या त्याले.

डॉक्टरांनी सरळच विचारलं. "फॉर्म झाडाखाली बसून भरलेस का?"

त्याचं तोंड काळं पडलं. "साहेब, एक एक दार हिंडलो मी. चपला झिजल्या माह्या." मंग माह्याकडे वळला. "अन् तू बे हऱ्या? तू मोजलं हे?"

"मोजलं."

"मंग चाल माह्यासंगं. तुह्या डोळ्यांनं पाह्य. बोलू नको मधात, नुसतं पाह्य."

डॉक्टर म्हणाले, जा दोघं. पत्र शुक्रवारपर्यंत थांबवतो. शुक्रवारी कोणाचं तरी पत्र जाईलच.

एस.टी.नं घाटंजी, तिथून दोन सायकली. धर्मपाल पुढे, मी मागे. पहिल्याच तांड्यात जमनीच्या दारात उभा राह्यला. जमनी माह्या दूरच्या नात्यातली, कमरेवर दोन वर्षांचं पोट्टं.

"बाई, पुन्हा एकडाव इचारतो," धर्मपाल म्हणाला. आपल्या तोंडावरच्या वणांवर बोट ठेवलं. "याले असं झालतं का?"

"नाई बाप्पा. याच्या भावाले झालतं."

"अन् याले टोचलं का?"

"अव, मांगच्या खेपेले सांगतलं ना तुले! टोचलं म्हून. किती डाव इचारशीन?"

धर्मपालनं माह्याकडे पाह्यलं. ऐकलं? अशा थाटात. मी पोराच्या दंडाकडे पाहत होतो. कोरा दंड. वण नाही, खूण नाही, काही नाही.

मी आमच्या बोलीत जमनीले विचारलं, कुठं टोचलं?

तिनं पोट्ट्याची मुंडी धरून वळवली. कानात चांदीची बारीक तार. "हे काय! घाटंजीच्या सोनारानं टोचले, दोनी. एक तं पिकलाबी होता. आठ दिवस झोपू नाई देल्लं मेल्यानं."

बाजूच्या दारात सोनीबाई नावाची म्हातारी बसली होती, ती ऐकून राह्यली होती. तिनं नातीले पुढे ढकललं. "आमच्या पोरीलेबी टोचलं, पाह्य." पोरीच्या हनुवटीवर हिरवं गोंदण होतं. तीन ठिपके.

धर्मपाल तिथंच खाटेच्या काठावर बसला.

"हऱ्या," तो म्हणाला, "मी एकशे ऐंशी लेकरायचे कान मोजून आलो बे."

मले हासू आलं. त्यालेही आलं. मंग दोघंही असे हासलो का जमनी म्हणाली, काई छ रं, येड लागलं का?

परत जाताना पऱ्ह्याच्या काठावर सायकली टेकवल्या. मी विचारलं, "काहून नाही म्हणालास सरळ, देवी काढल्या का म्हणून? फुलचंद तसंच इचारते. लस देण्याले दुनिया देवी काढणंच म्हणते."

तो पाण्यात खडे टाकत होता. "छप्पन साली नागपूरले गेलतो मी बापासंगं. बापाचं नाव उकंडा, जल्मात पोलीसपाटलापुढं मान वर नाई केली त्यानं. दीक्षेच्या त्या मैदानात माह्या हात धरून मोठ्यानं प्रतिज्ञा घेतली त्यानं. देवदेवी मानणार नाई. घरी आलो, मायनं देव्हारा उचलला, या अशाच पऱ्ह्यात सोडला. रडत सोडला, पण सोडला. अन् मी दारोदार देवी देवी करत हिंडू? नाई निघत बे तोंडातून. अन् हे तोंड पाह्य माह्यं. देवी असती तं लेकराच्या तोंडाले अशी भोकं पाडली असती का? रोग होता. रोगाले मी रोगच म्हणीन."

त्याच्या घरातला एक शब्द पऱ्ह्यात गेला, अन् सात वर्षांनी माह्या टेबलावर काय-वर्ग शून्य झाला. मधातली वाट कोणी पाह्यली नव्हती. आकड्यायनं पाह्यली.

शुक्रवारी डॉक्टरांना सारं सांगतलं. कान, गोंदण, सोनार. ते उठले, खिडकीशी गेले, परत आले. मले वाटलं आता धर्मपालचं पत्र. पण त्यांनी तो शून्यवाला चौकोन हातात घेतला, अन् असं पाह्यलं त्याच्याकडे, जसं कोणी मूर्तीकडे पाहते.

"हा तक्ता चुकलेला नाही रे. आपण विचारलं, कान टोचल्यानं रोग थांबतो का? यानं सांगितलं, नाही थांबत. इतकं स्पष्ट उत्तर मला कोणत्याच तक्त्यानं आजवर दिलं नाही."

मंग त्यांनी फॉर्म काढला. इंग्रजीतला एक शब्द, व्हॅक्सिनेटेड, पुढे हो-नाहीचे दोन खण. "हा शब्द मी लिहिला अन् त्याचं मराठी तुमच्यावर सोडलं. दोघांनी दोन केलं. यात धर्मपालचा दोष नाही. पण धर्मपाल, आता सगळे तांडे पुन्हा करावे लागतील. या वेळी 'देवी काढल्या का' असं विचारशील?"

"नाही साहेब."

"नोकरीचा प्रश्न आला तरी?"

"नाही." आवाज बारीक होता, पण हलला नाही. "मले काढा. फुलचंदले पाठवा."

मी उगाच मशीनचा रोलर फिरवत होतो. बाही वर सारलेली होती, उकाडा होता. अन् धर्मपाल माह्या दंडाकडे पाहू लागला. माह्या दंडावर दोन वण हायेत, पावलीएवढे, मामानंच देल्लेले. त्याची नोकरी नवी होती तवा.

"साहेब, शब्द पायजेच कायले?" तो म्हणाला. "याले संगं द्या. तोंड माह्यं, दंड याचा."

तसंच केलं. बारा दिवस. दारात उभं राह्यचं. धर्मपाल आपल्या तोंडावर बोट ठेवे, "असं झालं का?" मी बाही वर करून दंड दाखवो, "अन् हे हाये का? दाखवा." लेकराचा दंड उघडून डोळ्यांनं पाह्याचं, मंगच खूण. कुठंच शब्दाचं काम पडलं नाही. पोट्टे मागे लागत. एका तांड्यात त्यायनं आमचं नाव पाडलं, तोंडवाला अन् दंडवाला.

एके ठिकाणी हासणं थांबलं. बसंतीबाईच्या घरी. जुन्या फॉर्मवर तिच्या पोरीपुढे लेहलं होतं, टोचलं, देवी झाल्या, मेली. दंड पाहायले पोरगी नव्हती. मले बाही वर करवेना. धर्मपाल हळूच म्हणाला, दाखव. मी दाखवली. बसंतीबाईनं माह्या दंडावरच्या वणाले हात लावला. बोटानं गोल फिरवला. मंग स्वतःच्या दंडावर तिथंच हात ठेवून मान हलवली. नव्हतं.

"आला होता रूपसिंग," ती म्हणाली. "मीच लपवून ठेवलं होतं तिले, जवारीच्या धांड्याच्या गंजीमांगं. रडन म्हून."

धर्मपालनं फॉर्मवर खूण बदलली. एका खणातून दुसऱ्या खणात. मी तक्त्यात कितीतरी डाव असे आकडे इकडचे तिकडे केले असतील. त्या दिवशी एक आकडा जाताना पाह्यला.

यवतमाळले येऊन मोजलं. तीच दोनशे चाळीस लेकरं. दंडावर वण असलेली एकशे पन्नास, त्यातल्या तिघायले देवी. वण नसलेली नव्वद, त्यातल्या बावीस जणायले. काय-वर्ग काढायच्या आधीच डॉक्टर म्हणाले, असू दे, दिसतं आहे. तरी मी काढला. मले पाह्याचं होतं तो वर चढताना.

मामाले बोलावणं गेलं. तो आला, धुतलेलं धोतर, डोक्यावर नवा पटका, हातात रजिस्टर, अन् चेहरा असा का जसा सुळावर चालला. डॉक्टरांनी आधी एकच विचारलं. "रजिस्टरात या तांड्यांत एकशे अठ्ठावन्न आहेत. दंड एकशे पन्नास. आठ कुठं गेले?"

मामा म्हणाला, "साहेब, पाच जनाले लावली होती, उठली नाई. उन्हानं लस मरते पेटीत. अन् तिघायच्या माया सोडेचना. म्हनलं, पुढच्या खेपेले देतो, अन् नाव मांडून टाकलं. मंग पुढची खेप..."

"पुढच्या खेपेच्या आधी साथ आली," डॉक्टर म्हणाले. आवाज कडक होता. "त्या तिघांचं काय झालं?"

"जिते हायेत साहेब. पाह्यलं मी जाऊन. रोज पाह्यतो."

डॉक्टर म्हणाले, "उद्या जाऊन आठही जणांना दे. अन् न दिलेलं नाव पुन्हा रजिस्टरात दिसलं, तर मी तक्ता काढत बसणार नाही." मंग त्यांनी ते सोमवारचं पत्र, मी टाइप केलेलं, सही नसलेलं, त्याच्यापुढेच फाडलं. मामाले इंग्रजी येत नाही. तो विचारत होता, काय फाडलं, काय फाडलं?

बाहेर कडुलिंबाखाली आम्ही तिघं चहा प्यायलो. मी तक्ता बाहेर आणला होता.

"यात मी कुठं हाव रं?"

मी बोट ठेवलं. "हे एकशे पन्नास तुमचे. त्यात तिघायले देवी निघाल्या."

"तीन," मामा म्हणाला. मान खाली. "तीन का होईना, निघाल्याच."

"मामा, थांबा. हे दुसरे पाह्या. ज्यायले लस नव्हती, त्यायच्यात चारात एकाले रोग झाला. तोच हिशोब तुमच्या एकशे पन्नासाले लावला, तं किती पाह्यजे?"

त्यानं बोटांवर मोजायचा प्रयत्न केला. सोडून देल्ला.

"छत्तीस-सदतीस," मी म्हणालो. "पाह्यजे सदतीस, झाले तीन."

"मंग बाकीचे?"

"बाकीचे तेहतीस-चौतीस झालेच नाही."

मामानं बशी खाली ठेवली. "कोन ते? नावं सांग. मी वळखतो सारे पोट्टे."

"नावं नाही, मामा."

"नाई कशी? रजिस्टरात हायेत ना एकशे पन्नास."

"एकशे पन्नास हायेत. पण त्यातले चौतीस कोणते, ते कोणालेच नाही माहीत. डॉक्टरलेही नाही. त्यायच्या मायलेही नाही."

धर्मपाल मधातच म्हणाला, "काका, त्या लेकरालेबी माहीत नाई."

मामानं कागद हाती घेतला. कागद उलटा करून पाह्यला, जसं काही मागच्या बाजूनं नावं असतील. मंग सुलटा केला अन् त्या खणावर अंगठा ठेवला, दाबून. शाई ताजी होती. अंगठ्याले काळा डाग आला.

"ध्यानात आलं ना रं तुह्यं गणित," तो मले म्हणाला, "नापास कसा झाला बे तू?"

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासंगं गेलो, त्या आठ लेकरायसाठी. पेटी त्याची, सायकल त्याची. दिवसभर एकेका दारात तो आपलं काम करे, अन् मंग तिथंच उभा राहे, निघेच ना. अंगणात पोट्टे खेळत असत. कोणी मातीत लोळे, कोणी बकरीचं शेपूट ओढे, एक जण नाक गळत असलेला, मामाच्या सायकलीची घंटी वाजवून पळे. मामा एकाच्या दंडाचे वण पाहे, मंग दुसऱ्याच्या.

"हा असन का रं, हरि? का तो?"

"माहीत नाही, मामा."

"तो शेंबड्या?"

"असू शकते."

घंटीवाला पुन्हा आला. एरवी मामानं त्याच्या टाळक्यात हाणली असती. त्या दिवशी त्यानं हात उचलला, अन् तसाच खाली घेतला.